तिसरी ‘ब’ची हजेरी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, १२ फेब्रुवारी २००१

रोहिणी,

वर नमस्कार लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही. काम आहे म्हणून लिहिते.

तिसरी ‘ब’च्या कपाटाची किल्ली तू चंदगडला जाताना घेऊन गेलीस. वर्ग माझ्याकडं येऊन दोन महिने झाले. मापं, नकाशे, घड्याळाची तबकडी, सगळं आत अडकलंय. संस्थेला तुझी बदली करायची होती, तिनं केली. कपाट काही तुझं नव्हतं. किल्ली रजिस्टर पोस्टानं पाठव.

दुसरं. तू एसटी स्टँडवर आकाराम शिपायाला म्हणालीस म्हणे, की तुझ्याविरुद्धचा अर्ज निनावी असला तरी अक्षर तू ओळखलंस. आकारामनं ते शाळाभर केलं. तेव्हा लेखी देते: अर्ज मी केलेला नाही. नऊ वर्षं आपण शेजारी बसून डबा खाल्ला. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात माझा वर्ग तू महिनाभर सांभाळलास, ते मी विसरलेली नाही. तूही काही तरी आठवून बोलायचं होतंस. आणि अर्जात होतं त्यात खोटं काय होतं? सुष्मिता आणि रेणुका या दोघी चुलत बहिणी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेकडं फिरकल्या नाहीत. तू त्यांना हजेरीच्या कॅटलॉगमध्ये पाच आठवडे रोज हजर मांडलंस. तुझ्याच निळ्या शाईनं. ते काही मी मांडलं नव्हतं.

या आठवड्यात सगळं एकदम अंगावर आलंय. शाळा सकाळची, दुपारी जनगणनेचं काम, आणि शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब पट मोजायला येणार आहेत. त्यात अभ्यासक्रम मागं पडलेला. आज ‘आपला जिल्हा’ घेतला. फळ्यावर हातानं नकाशा काढला, कारण छापील कुठं आहे ते तुला माहीत आहे. बारा तालुके म्हणवून घेत होते, तर चंदगडवर छडी गेल्यावर सगळा वर्ग थांबला. तो अनेकांत, पहिल्या बाकावरचा, उभा राहिला आणि पाठ्यपुस्तकातल्या नकाशावर दोरा धरून मला दाखवायला लागला. “बाई, दोरा वाकडा ठेवायचा असतोय. रस्ता सरळ न्हाई. मगदूम बाईंनी सांगितलंय.” मग विचारतो, इतकं लांब नसताना मगदूम बाई शनिवारी का येत नाहीत.

मी त्याला खाली बसवलं. या पोरांना तू नको तितकं बोलायला शिकवलंयस. पहिलीतली माझी मुलं बेचाळीस होती आणि टाचणी पडली तर ऐकू यायची.

पवित्रा नष्टे

मंगळवार, १३ फेब्रुवारी

रोहिणी,

किल्लीची वाट बघायला वेळ नव्हता. आज आकारामकडून कपाटाचं कुलूप फोडून घेतलं. कुलपाचा खर्च मी शाळेला दाखवला आहे आणि कारण म्हणून तुझं नाव लिहिलं आहे.

आज धडा होता लिटर आणि मिलिलिटर. मी फळ्यावर लिहिलं, एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर, दहा वेळा लिहा. अर्धा वर्ग लिहितोय, अर्धा माझ्याकडं बघतोय. शेवटी मागून एक मुलगी म्हणाली, बाई, पाणी आणू का? मी नको म्हटलं. मग दुसरी म्हणाली, मगदूम बाईंनी आणलं असतं.

चिडून मी म्हटलं, आणा. बादल्या आल्या, तांबे आले, कुणी दप्तरातली पाण्याची बाटली काढली. पाव लिटरच्या मापानं चार वेळा ओतलं की एक लिटर भरतो, हे त्यांनी माझ्याशिवाय शोधून काढलं, आणि मग तांब्यात किती मावतं यावरून भांडणं सुरू झाली. चार पाट्या आणि माझी साडी भिजली. हंबीरराव सर दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या तोंडावर जे होतं, ते तू मुख्याध्यापकांच्या तोंडावर वर्षानुवर्षं बघत आलीस, मी पहिल्यांदा बघितलं. वर्ग पुसायला लावून तास संपवला.

शेवटी तोंडी विचारलं. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस हजर, त्यातल्या छत्तीस जणांना आलं. एवढं आलं म्हणून तुझी पद्धत बरोबर ठरत नाही. पाणी वाया गेलं ते गेलंच.

ऑगस्टमध्ये स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत तू मला जे म्हणालीस, ते मी विसरले असेन असं समजू नकोस. “पवित्रा, तुला शिकवायला येत नाही, तुला पोरं गप्प बसवायला येतात.” हातात चहाचा कप होता तुझ्या. फुंकर मारलीस आणि प्यायलीस. तुला वाटलं, विषय संपला.

पवित्रा

बुधवार, १४ फेब्रुवारी

रोहिणी,

जनगणनेत माझ्या वाट्याला वडणगे रस्त्याकडची वस्ती आली आहे. आज नेमिनाथ अण्णांच्या गुऱ्हाळावर गेले होते. काहिलीत रस उकळत होता, सगळीकडं वाफ. मागच्या बाजूला उसाची चिपाडं वाळत घातलेली आणि त्यांच्या कडेला चार खोपी. तिसऱ्या खोपीपुढं फॉर्म काढून बसले. बाई म्हणाली, नाव अंबूबाई. मुली किती? एक माझी, एक दिराची. नावं सांगा म्हटलं.

सुष्मिता. रेणुका.

मी नावं लिहिली, शिक्षणाच्या रकान्याशी थांबले. मी त्यांच्याच वर्गाची बाई आहे हे मी सांगितलं नाही. साध्या आवाजात विचारलं, शाळेत जातात का?

अंबूबाई म्हणाली, “जाईत हुत्या. आता हंगाम हाय. होळीपातूर आमी हितंच. आमी दोघं चुलवाणापाशी, चिपाडं कोण बघणार? पर मगदूम बाई यायच्या की आयतवारी. एसटीनं यायच्या, पाटी घिऊन. हितं बसून शिकवायच्या. कुठं गेल्यात कुणास ठाऊक. डिसेंबरापासनं आल्या न्हाईत.”

सुष्मिता बाजूलाच चिपाडं उलटत होती. हात काळे झालेले. मी तिच्यापुढं जनगणनेची सूचना धरली आणि वाच म्हटलं. रोहिणी, ती वाचायला लागली. बोट न ठेवता. काना, मात्रा, वेलांटी, सगळं. मग ‘कार्य’ आलं आणि थांबली. ‘वर्ष’ आलं, पुन्हा थांबली. मला म्हणाली, “हे डोक्यावरचं बाईंनी फुडच्या आयतवारी सांगणार म्हटलं हुतं.”

तो पुढचा रविवार तुझ्या बदलीनंतरचा होता.

तू त्यांच्याकडं जात होतीस हे चौकशीत का नाही बोललीस? तिथं मान खाली घालून बसलीस, म्हणून आम्हाला सगळ्यांना वाटलं की आळसानं खोटं मांडलंस. आम्हाला तसंच वाटावं अशी तुझी इच्छा होती का? तुला असलं फार आवडतं. गप्प बसून दुसऱ्याला लहान करायचं.

आणि एक लिहून टाकते, नाहीतर आकाराम सांगेलच. डिसेंबरात मी हंबीरराव सरांना बोलता बोलता म्हणाले होते, की तिसरी ‘ब’मध्ये दोन मुली दिसत नाहीत आणि हजेरीत दिसतात. एवढंच. बोलण्याला अर्ज म्हणत नाहीत.

पवित्रा

गुरुवार, १५ फेब्रुवारी

रोहिणी,

आज घड्याळ आणि पत्रलेखन. घड्याळात निम्मी मुलं पावणे आणि सव्वा यांची गल्लत करतात. तुझी पुठ्ठ्याची तबकडी कामाला आली. तिचा मिनिटकाटा सैल आहे, रिबिट बदलून घेतली.

पत्रलेखनात वर्गानं ठरवून टाकलं, पत्र मगदूम बाईंना लिहायचं. मी म्हटलं, पुस्तकात मामाला आहे, मामालाच लिहायचं. एकीनं विचारलं, मामा नसला तर? मी म्हटलं, काकाला लिही. तुला पत्र लिहू दिलं नाही, हे तुला कळावं म्हणूनच लिहिते आहे.

दुपारी पुन्हा गुऱ्हाळावर गेले. या वेळी सांगितलं मी कोण आहे ते. अंबूबाई घाबरली, तिला वाटलं पोलीस आणणार. तिला घेऊन मी नेमिनाथ अण्णांकडं गेले. त्यांचा गुळाचा टेम्पो रोज सकाळी सहाला मार्केट यार्डात जातो आणि अकराला परत येतो. मी म्हटलं, दोन पोरी त्यात बसवा, यार्डातून मी घेऊन जाईन आणि परत आणून बसवीन. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “बाई, ह्यात इचारण्यासारखं काय हाय? कुणी आधी इचारलंच न्हाई.” अंबूबाईनं चिपाडांचं काय विचारलं, तेव्हा अण्णाच म्हणाले की दुपारनंतर उलटली तरी चालतात.

कुणी आधी विचारलंच नाही. ऐकलंस? तू दर रविवारी एसटीनं जाऊन पाटीवर शिकवलंस, देवी झालीस. टेम्पो तुझ्या डोळ्यांपुढून जात होता. पण मुलींना शाळेत आणायचं तुझ्या डोक्यात आलं नाही, कारण कॅटलॉगमध्ये त्या हजरच होत्या.

पवित्रा

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

रोहिणी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. “किल्ली कपाटाच्या माथ्यावर आहे. तू कधी वर हात घातला नाहीस.” मी हात घातला. होती. कुलूप फोडल्यावर तीन दिवसांनी.

पण आज मी त्यासाठी लिहीत नाही. आज हे सगळं सरळ लिहायचं आहे, मग तू काय करायचं ते कर.

चाचणी आटोपून मी हंबीरराव सरांकडं गेले. मुली सापडल्या, उद्यापासून येतील, हे सांगितलं. ते खूश झाले. दार लोटून घेतलं आणि कॅटलॉग माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, डिसेंबरपासून मांडलेलं गैरहजर खोडा आणि हजर करा. पोरी समोर बसलेल्या असल्या की साहेब मागची पानं उलटत नाहीत. मी म्हटलं, हे मला जमणार नाही. याच कारणासाठी मगदूम बाईंना तुम्ही घालवलंत.

ते चिडले नाहीत. समजावल्यासारखं बोलले.

“बाई, पट एकेचाळीस. ह्या दोघी कमी झाल्या की एकोणचाळीस. चाळीसच्या खाली संस्था तुकडी ठेवत नाही. तुकडी गेली की सगळ्यात कनिष्ठ शिक्षक जादा. कनिष्ठ कोण, मी सांगू?”

मी कॅटलॉग त्यांच्याकडं परत सरकवला.

“मगदूम बाईंना मी हे दिवाळीनंतरच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, नष्टेच्या घरात तिच्या एकटीचाच पगार आहे, मी मांडते हजेरी. मी काही त्यांना मांडा म्हटलं नाही.”

मी विचारलं, मग डिसेंबरात मला अर्ज लिहायला का सांगितलंत? ते म्हणाले, वरून विचारणा आली होती, कुणी तरी एक पुढं करायला लागणार होतं, आणि तुमचं त्यांच्याशी बिनसलेलं सगळ्यांना माहीत होतं.

तर आता लिहिते. अर्ज मी लिहिला. त्यांच्या टेबलावर, त्यांच्या कागदावर. सही करू नका म्हणाले, म्हणून केली नाही. अक्षर बदलायचा प्रयत्न केला, पण माझा ‘ळ’ मला बदलता आला नाही. तू त्यावरूनच ओळखलं असशील. लिहिताना मला ऑगस्टमधला तुझा चहाचा कप दिसत होता, आणि मला बरं वाटत होतं. सोमवारी तुला खोटं लिहिलं. बुधवारीही अर्धंच लिहिलं.

मी माफी मागते असं समजू नकोस. माझा राग गेलेला नाही, त्यानं जागा बदललीय. तू माझ्यासाठी खोटं मांडत होतीस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. मला विचारलं असतंस, तर मी नको म्हटलं असतं. नको म्हटलं नसतं कदाचित. पण ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस. तू समोरून मला ‘शिकवायला येत नाही’ म्हणालीस आणि पाठीमागून माझी नोकरी राखलीस. त्यातलं नेमकं काय खरं धरायचं मी? तू माझी मैत्रीण होतीस की मी तुझी आणखी एक कच्ची विद्यार्थिनी होते?

उद्या साहेब येणार आहेत. काय करायचं ते मी ठरवलं आहे. तुला विचारणार नाही. तूही विचारलं नव्हतंस.

पवित्रा

शनिवार, १७ फेब्रुवारी

रोहिणी,

सुष्मिता आणि रेणुका टेम्पोतून आल्या. अंगाला गुळाचा वास, फ्रॉक धुतलेले. पोरांनी जागा करून दिली. अनेकांतनं आपली पेन्सिल मोडून निम्मी रेणुकाला दिली.

साहेब दहाला आले. वयस्कर, कमी बोलणारे. हंबीरराव सर मागं उभे. साहेबांनी डोकी मोजली: एकेचाळीस. मग कॅटलॉग उघडला. ते मागची पानं उलटतात, सर चुकले होते. दोन नावांपुढं डिसेंबरपासून आजपर्यंत नुसते ‘गै’. आज एक ‘ह’. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी वर्गाला पाढे लिहायला सांगितले आणि उभ्यानंच बोलले. या मुली गुऱ्हाळावर होत्या, आज आल्या, सोमवारीही येतील. दिवाळीनंतर त्यांची हजेरी मगदूम बाईंनी खोटी मांडली, ते मुख्याध्यापकांना माहीत होतं. डिसेंबरचा निनावी अर्ज मी मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून लिहिला. मग हेच लिहिलेला सहीचा कागद त्यांच्या हातात दिला. सकाळीच लिहून ठेवला होता.

हंबीरराव सर म्हणाले, “साहेब, बाईंची तब्येत बरी न्हाई.” साहेब कागद वाचत राहिले. वाचून झाल्यावर घडी करून खिशात ठेवला, आणि म्हणाले, “नियमानं ही दोन नावं जानेवारीतच कमी व्हायला पाहिजे होती. मी पट एकोणचाळीस धरणार. मुलींना सोमवारी नव्यानं दाखल करून घ्या. तुम्हाला कळतंय ना बाई, याचा अर्थ काय होतो?”

मी म्हटलं, कळतंय.

जाताना त्यांनी सुष्मिताला पुस्तक देऊन वाचायला सांगितलं. छान वाचत होती. ‘सूर्य’ आला, ‘सूय’ म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं, रोहिणी. मला मान खाली घालावी लागली.

कागदाची नक्कल सोबत जोडली आहे. तुझ्या कामाची असली तर ठेव. नसली तर चुलीत घाल. घरी अजून सांगितलेलं नाही. ह्यांचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली, आणि ते रोज सकाळी माझा डबा भरून देतात. उद्या सांगेन.

पवित्रा

शनिवार, ३ मार्च २००१

रोहिणी,

तुझं दुसरं कार्ड आलं. तुला माझी वकिली नको आहे, तिकडं बरं चाललंय, आणि मी पुन्हा पत्र पाठवू नये, असं लिहिलं आहेस. हे शेवटचं. कामाचं आहे म्हणून पाठवते.

तिसरी ‘ब’ जूनपासून बंद. मी जादा ठरले. कुठं घेतील, घेतील का, ते कुणालाच सांगता येत नाही. घरी सांगितलं. हे म्हणाले, जून अजून लांब आहे.

हंबीरराव सर रजेवर गेलेत. संस्थेनं चौकशी लावली आहे. बारा मार्चला अकरा वाजता, संस्थेच्या कार्यालयात. मला बोलावलं आहे, तुलाही नोटीस येईल. या वेळी मान खाली घालून बसायचं नाही. ये आणि बोल.

पण एक ऐकून ये. मी तिथं दोन्ही सांगणार आहे. मी सूडानं अर्ज लिहिला आणि सही लपवली, हे सांगणार. आणि तू पाच आठवडे खोटी हजेरी मांडलीस, हेही सांगणार. कुणासाठी मांडलीस ते सांगेन, पण मांडलीस हे झाकणार नाही. तुला ते आवडणार नाही. तुझ्या आवडीसाठी मी बोलत नाही.

दोघी मुली रोज येतात. एक दिवस टेम्पो बंद पडला, तर नेमिनाथ अण्णांनी स्वतः मोटरसायकलवर आणून सोडलं. वर्ग तुझ्यासारखाच गोंधळ घालतो. मी आता निम्म्या वेळा गप्प करत नाही. उरलेल्या निम्म्या वेळा करते, आणि त्याची गरज असते. ते तुला कधी पटलं नाही.

सुष्मिताचा रफार आठ दिवस अडला होता. फळ्यावर किती वेळा लिहिलं, उपयोग नाही. मग एका दुपारी मुलींना पोचवायला गुऱ्हाळापर्यंत गेले असताना, अंबूबाई चिपाडांचा भारा डोक्यावर घेऊन येताना दिसली. तिथंच मातीत लिहून दाखवलं. हा ‘र’ म्हणजे भारा. आधी भारा उचलायचा, म्हणजे आधी ‘र’ तोंडात घ्यायचा, आणि मग पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवून चालायला लागायचं. सू, र्, य. तिनं तीनदा म्हटलं आणि हसली. मग ‘कार्य’, ‘वर्ष’, ‘गर्दी’, ‘मार्केट’, जे दिसेल ते लिहीत सुटली. रेणुकाला तिनंच शिकवलं.

काल साहेबांकडून एक बाई वर्ग बघायला आल्या होत्या. त्यांनी सुष्मिताला उभं केलं. तिनं अख्खा धडा वाचला, एकदाही अडखळली नाही. बाई खूश झाल्या, म्हणाल्या, इतकं छान वाचायला तुला कुणी शिकवलं गं?

सुष्मिता म्हणाली, “मगदूम बाईंनी.”

मी मागं उभी होते. तिच्या वहीवर सही केली. पण तुला माहीत असावं म्हणून लिहिते. रफार मी शिकवला.

पवित्रा